सनईखालचं रडणं

मी सनई बंद केली आणि माझी आई रडायला लागली.

आई त्या वेळी नागपूरच्या प्रतापनगरात, घरी तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. मी रामदासपेठेत, पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या माझ्या खोलीवजा स्टुडिओत एकटा. समोरच्या पडद्यावर १९७१ सालचा एक ग्रामीण सिनेमा, आणि त्यात एक बाई चादरीखालच्या पोरावर डोकं टेकून आक्रोश करते आहे. तोंड त्या नटीचं, आवाज माझ्या आईचा. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आपल्या आईचा आवाज ओळखू येऊ नये, असं होत नाही.

माझं काम म्हटलं तर साधं आहे. जुन्या सिनेमांच्या डिस्क आता शौकिनांसाठी पुन्हा निघतात. त्या सिनेमांत संवाद, गाणी, पावलं, पाऊस सगळं एकाच पट्टीवर कालवलेलं असतं. ते वेगळं करायचं, धूळ झटकायची आणि घरातल्या पाच-सहा स्पीकरांत नव्यानं वाटून द्यायचं. हा सिनेमा मी मुंबईच्या कंपनीकडून मुद्दाम मागून घेतला होता. श्रेयनामावलीत शेवटून तिसरं नाव आहे, 'ध्वनी साहाय्यक: विश्वनाथ रेवतकर'. ते माझे बाबा. चारपाच वर्षं मुंबईत एका डबिंग थिएटरात होते, मग नागपूरला येऊन रेडिओ-लाउडस्पीकरचं दुकान टाकलं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. हा सिनेमा टीव्हीवर लागला की आई उठून मागच्या अंगणात जायची. मला वाटायचं, बाबांच्या त्या कामाचाच तिला राग असेल.

बाबांचं काम चोख होतं. फक्त या एका जागी त्यांनी माती खाल्ली होती. एवढा मोठा प्रसंग, आणि सनई इतकी चढवलेली की रडणं खाली दबून गेलंय. चार दिवस मी त्यांच्या नावानं बोटं मोडत होतो. शेवटी सनई उपटून बाजूला केली.

तर खालून शब्द आले.

"गोपे, उठ वं. गोपिका, पाय ना वं माह्याकडे."

सिनेमातलं ते पोर मुलगा आहे. त्याचं नाव गोपिका कसं असेल? मी तो तुकडा वीसेक वेळा ऐकला. मग सवयीनं नूपुरला पाठवला आणि पाठवल्यावर भानावर आलो. नूपुर म्हणजे मुंबईच्या कंपनीतली, काम तपासणारी मुलगी. दहा मिनिटांत तिचा फोन.

"सर, काय रडणं आहे हो ते. अंगावर काटा आला. आपण सनई मागच्या स्पीकरांत टाकू आणि रडणं एकदम समोर घेऊ. जाहिरातीतसुद्धा हाच तुकडा वापरू या. फक्त ते नाव कुणाचं आहे? संवादांच्या वहीत नाहीये."

"बघतो," म्हणालो आणि स्टुडिओला कुलूप लावून घरी आलो.

आईसमोर शेंगांच्या टरफलांचा ढीग होता. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"आई, गोपिका कोण?"

तिचा हात थांबला. हातातली शेंग तिनं सोलली, दाणे वाटीत टाकले आणि मग वर पाहिलं.

"कुठं ऐकलं?"

"बाबांच्या सिनेमात. तुझ्या आवाजात."

आईनं दाण्यांची वाटी बाजूला सरकवली.

"तुही बहीण. तुह्या आधीची. चार वर्षांची होती."

मी खाली बसलो. आजवर मी एकुलता एक होतो. शाळेच्या अर्जावर, लग्नाच्या पत्रिकेत, सगळीकडे. कुणी कानशिलात मारली असती तर बरं वाटलं असतं.

"काहून सांगितलं नाही मले?" माझ्या तोंडूनही घरचीच भाषा निघाली.

"तुले सांगितलं असतं तर तू विचारलं असतं. मंग मले रोज सांगा लागलं असतं," आई म्हणाली. "चाल. मले ऐकू दे ते."

गुडघे धरून ती स्टुडिओच्या बावीस पायऱ्या चढली. लॅबमधल्या पोरीनं खुर्ची दिली तर नको म्हणाली. वर आल्यावर मात्र पाणी मागितलं, आणि ग्लास हातात धरून सांगायला लागली. तेही पडद्याकडे बघून, माझ्याकडे नाही.

"नरखेडले होतो आम्ही, तुह्या आज्याकडं. तीन दिवसांच्या तापात गेली. मी रडलीच नाही. बाया म्हणे, हिले रडवा, नाही तर येडी होईल. तिचा झगा आणून मांडीवर टाकला, पाठीत बुक्क्या मारल्या. मी आपली भाकरी थापत बसली. चार महिने तसेच गेले. मंग तुह्या बाबानं मले मुंबईले नेलं."

"डबिंगला?"

"त्या नटीचं रडणं डायरेक्टर साहेबाले पटून नव्हतं राहिलं. तुह्या बाबानं म्हटलं, माही बायको करून पाहते. अंधाऱ्या खोलीत उभं केलं मले. समोर तेवढाच तुकडा गोल गोल फिरे. पोरगं मरे, त्याच्यावर चादर टाकत, अन् पुन्हा पहिल्यापासून. सात वेळा, बापू. सातव्या वेळी माह्या तोंडातून निघालं."

माझं डोकं फिरलं. डबिंगची ती रीत मला ठाऊक आहे. फिल्मच्या दोन टोकांना जोडून गोल करायचं आणि बरोबर येईपर्यंत फिरवायचं. पण पोटची पोर गेलेल्या बाईसमोर? मी म्हणालो, "बाबा असं वागले? माझ्या बाबांनी हे केलं?"

"तू नको बोलू. मले जे बोलायचं ते मी बोलली त्यायले. अन् वर्षभर बोललीबी नाही." तिनं ग्लास खाली ठेवला. "पण त्या रात्री झोप लागली गा मले. चार महिन्यांनी. मले रडवासाठी नेलं का कामासाठी, मी कधी विचारलं नाही. त्यायनं सांगितलं नाही."

"आणि नाव?"

"साहेब म्हणे, नाव नको, पुन्हा घ्या. तुहे बाबा म्हणे, पुन्हा नाही होणार. मी वर सनई चढवतो. म्हणे, माह्या पोरीचं नाव टाकीजमधल्या लोकायनं काहून ऐकावं?"

चार दिवस मी त्या सनईला शिव्या घालत होतो.

आईला हेडफोन घालून दिला आणि रडणं लावलं, नुसतं, सनईशिवाय. वीस-बावीस सेकंदांचं आहे ते. तिनं डोळे मिटले नाहीत. समोरच्या त्या अनोळखी नटीकडे ती बघत राहिली. रडली नाही. संपल्यावर म्हणाली, "लई चोख काढलं तू. तुह्या बाबावानी."

मग म्हणाली, "आता झाक तिले."

मी दुसरा हेडफोन माझ्या कानांवर चढवला, तुकडा पुन्हा लावला आणि सनईची पट्टी हळूहळू वर सरकवत नेली. गोपिका दिसेनाशी झाली, नाव पुसट झालं, मग रडण्याचा आवाजच तेवढा राहिला. बाबांच्या जुन्या पातळीवर येऊन मी थांबलो.

"अजून थोडी," आई म्हणाली. "मले ऐकू येऊन राहिलं."

मला नाव ऐकू येत नव्हतं. तरी थोडी वाढवली.

तेवढ्यात नूपुरचा फोन आला. मी तिला म्हणालो, सनई होती तशीच राहील, झाली तर थोडी चढीच, रडणं पुढे येणार नाही, आणि दुपारी पाठवलेला तुकडा पुसून टाक.

"सर, पण ती सनई मिक्सिंगची चूक वाटते हो. लोक तुम्हाला नावं ठेवतील."

"ठेवू दे," मी म्हणालो. "माझ्या नावावर घाल."

फोन ठेवला. आईनं हेडफोन काढलेला नव्हता. तुकडा केव्हाच संपला होता, कानात आता काहीच नसणार.

"एकदा अजून लाव गा," ती म्हणाली. "सनईसकट."

मी तो तुकडा गोल फिरायला लावला, दार लोटून घेतलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो.