वडाच्या बाजूचं आभाळ

"कडुलिंबाच्या डाव्या अंगानं, कासराभर वर," सहादू बाजेवरून म्हणाला, आणि त्याच्या लेकीनं, सायलीनं, हातातली लांबलचक लेन्स तिकडे वळवली.

तिथे काहीच नव्हतं.

घोडेगावजवळच्या या अंगणात बापलेकीचा हा उद्योग चांगला रुळला होता. सायली शहरात, सावेडीला राहून लग्नांचे फोटो काढायची आणि त्याच कमाईतल्या लेन्सनं आभाळातून पळणारे उपग्रह टिपायची. लेन्सला डोळा लावला की आभाळ नाण्याएवढं उरतं; त्यात धावतं अंतराळ स्थानक पकडायचं तर उघड्या डोळ्यांनी कुणीतरी सांगितलेलं बरं. ते काम बापाचं. कोपरगावच्या उसात बैलगाडी हाकण्यात जन्म गेलेला सहादू आभाळही बैलांच्या दोरीनं मोजायचा. पोरगी एवढ्या लांब येते ती आपल्या नजरेसाठीच, असा त्याचा पक्का समज. मोबाईल आधीच दिशा सांगतो, हे त्याच्यापुढे काढायची सोय नव्हती.

मोबाईलच्या हिशेबानं आज ते स्थानक वडामागून येणार होतं आणि थेट डोक्यावरून जाणार होतं. त्याचे पंखांसारखे सौरपट्टे दिसतील असा फोटो मिळवायला सायली दिवाळीपासून टपून होती. तिनं मान वळवली. वडाच्या शेंड्यावर ते लखलखत वर चढत होतं. लेन्स फिरवली की झालं.

तिनं बापाकडे पाहिलं. कडुलिंबाकडे बोट धरून तो हसत होता, आणि त्याच्या बुबुळांवर दुधाळ पडदा होता. इतके महिने शेजारी उभं राहून आपण हे पाहिलं नाही, याची तिला लाज वाटली. ती परत लेन्सकडे वळली आणि रिकाम्या आभाळाचे धडाधड फोटो काढत सुटली.

"घावलं?"

"सापडलं, आबा."

तेवढ्यात पिठाच्या हातांनी सायलीची आई, विमलबाई, बाहेर आली. वडावरून केवढी चांदणी चाललीय म्हणाली, नि चुलीवरची भाकरी आठवून तशीच आत गेली.

सहादूचं बोट हळूच खाली आलं.

"सायले, मग तू फोटू कशाचा काढला?"

"तुम्ही दाखवलं तिथला."

तो बाजेची दोरी चाचपू लागला.

"लई दिस झालं, समदं धुरकट दिसतंय," तो म्हणाला. "म्हनलं, नजर गेल्यावर तू कशाला यायची हितं."

स्थानक डोक्यावरून चाललं होतं. सायलीनं कॅमेरा बंद केला आणि त्याला चिकटून बाजेवर बसली.

"उद्या परत येतं का ते?"

"येतं की."

"मग थांब उद्या." लेकीला राहा म्हणायला त्याची जीभ आजवर रेटली नव्हती.

"थांबते. सकाळी तुमचे डोळे दाखवून येऊ."

"ते हुईल. पन सांजच्याला तू अशीच बस, आन् मला सांग, ते कुठनं कुठं जातंय."