अकराशे चित्रांचा मजकूर

संग्रहालयात त्याला सगळे झटपट म्हणत. दुसऱ्याला आठवडा लागेल ते काम हा दुपारच्या चहाआधी उरकायचा आणि वर विचारायचा, "अजून काही?" वेबसाइट तो एकटाच सांभाळायचा. बसायला जिन्याखालची खोली, शेजारी झाडू-बादल्या. पण त्याची तक्रार नव्हती.

संचालकबाईंना साइटचं रूप बदलायचं होतं. एकेका चित्राचं एकेक पान, अशी अकराशे पानं. गेल्या वीस वर्षांत चार-पाच जणांनी ती आपापल्या मर्जीने बांधलेली.

"हाताने बदलायची तर जन्म जाईल रे," बाई म्हणाल्या.

"सोमवारी देतो," झटपट म्हणाला.

त्याने एचटीएमएल वाचणारी एक लायब्ररी, म्हणजे आयत्या प्रोग्रॅमचा संच, घेतली. वेबपानामागे टॅगांचा जो सांगाडा असतो, तो ही लायब्ररी फांद्या-फांद्यांनी उलगडून दाखवते. 'चित्रांचे टॅग शोध' म्हटलं की सगळ्यांचा गठ्ठा पुढ्यात येतो, आणि त्या गठ्ठ्याला एक हुकूम सोडला की सगळे एकदम बदलतात. जुन्या लोकांनी प्रत्येक चित्राला रुंदी, चौकट, रंग असं काय काय चिकटवून ठेवलं होतं. झटपटने हुकूम लिहिला: चित्राचा पत्ता तेवढा ठेव, बाकी सगळं काढ, नव्या रूपाची खूण लाव.

चाचणीला त्याने एक पान नजरेखालून घातलं. पुसल्या जाणाऱ्या गोष्टींत एक लांबलचक ओळ होती. 'बाई खिडकीकडे पाठ करून बसली आहे. मांडीवर पत्र आहे, घडी अजून मोडलेली नाही. चेहऱ्यावरून वाटतं, आत काय आहे ते तिला ठाऊक आहे.' त्याने ती वाचली. पुढे त्याला सगळ्यात जास्त तेच खात राहिलं, की आपण ती वाचली होती. कुणीतरी काहीतरी खरडून ठेवलंय, पडद्यावर तर कुठे दिसत नाही, असं म्हणून त्याने प्रोग्रॅम सोडला. चार मिनिटांत अकराशे पानं झाली. सर्व्हरवर जागा अपुरी पडत होती म्हणून दुसऱ्या दिवशी जुन्या पानांची प्रतही त्याने काढून टाकली. संचालकबाईंनी चारचौघांत पाठ थोपटली.

गुरुवारी सकाळी फोन आला. आवाज वयस्कर, पण प्रत्येक अक्षर सुटं आणि स्वच्छ.

"नमस्कार. मी दर गुरुवारी तुमच्याकडे येतो. म्हणजे घरबसल्या, कंप्युटरवर. मला दिसत नाही. तो वाचतो, मी ऐकतो. आज मात्र नुसतं 'चित्र, चित्र' म्हणतोय आणि गप्प बसतोय."

ती ओळ कुणासाठी होती, ते त्या क्षणी त्याला लख्ख कळलं. आणि कळूनही तोंडातून निघालं ते असं: "आमच्याकडे तर सगळं व्यवस्थित आहे, काका. तुमच्याच मशीनमध्ये काहीतरी बिघडलं असणार. एकदा पूर्ण साफ करून घ्या."

"असं का? असेल, असेल. उगाच तुम्हाला त्रास दिला."

त्या माणसाने वर आभारही मानले.

दिवसभर झटपट जुनी प्रत शोधत राहिला. जिथे जिथे सापडण्याची आशा होती तिथे तिथे हात घालून आला. कुठेच काही नव्हतं. पुसण्याचं कामही त्याने नेहमीसारखंच चोख केलं होतं.

पुढच्या आठवड्यात तिकीट खिडकीवरच्या आक्कांनी त्याला हटकलं. त्या खिडकीत त्यांची बावीस वर्षं गेली होती.

"काय रे झटपट, ऑपरेटरकाकांचा दर गुरुवारी मला फोन असतो, या वेळी नाही आला. तुझ्याकडे आला? बरे आहेत ना?"

"कोण ऑपरेटरकाका?"

"टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते ते. नऊ वर्षांपूर्वी काठी टेकत आले आणि मला म्हणाले, 'एक तिकीट द्या, आणि आत काय आहे ते सांगायला एक माणूस द्या.' माणूस कुठून आणणार? मीच खिडकी बंद करून गेले. तेव्हापासून एकेका चित्रात काय आहे ते लिहितेय. दुपारी गर्दी नसते ना, रोज थोडं थोडं. कुठे टाइप करायचं ते तुझ्या आधीच्या मुलीने शिकवलं होतं." आक्का जराशा लाजल्या. "मागच्या महिन्यात शेवटचं झालं. सगळी अकराशे."

आता सांगावं, असं झटपटच्या जिभेवर आलं होतं. "कामात असतील," तो म्हणाला आणि जिन्याखाली जाऊन बसला. बाहेर कुणाची पावलं वाजली की वाटायचं, आपल्यालाच शोधत आलं कुणीतरी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं.

तिसऱ्या गुरुवारी पुन्हा फोन वाजला.

"तुम्ही सांगितलंत तसं केलं हो," ऑपरेटरकाका म्हणाले. "मुलगी दोन दिवस रजा काढून आली, सगळं पुसून नव्याने घातलं. तरी तेच. तिचं म्हणणं, मशीन चांगलं आहे. मग मलाच जमेनासं झालं असणार. वय झालं. तर आता गुरुवारचं येणं बंद करतोय. तेवढं खिडकीवरच्या बाईंना सांगाल? त्या वाट बघत असतील."

झटपटने खुर्चीची कड घट्ट धरली. "काका, मशीन चांगलंच आहे. मी पुसलं. चुकून पुसलं, पण तुमचा फोन आला तेव्हा मला माहीत होतं. मी खोटं बोललो."

"म्हणजे मशीन ठीक होतं."

"हो."

"आणि मीही ठीक होतो."

"हो, काका."

"दोन आठवडे मी घरात भिंती चाचपतोय," काका म्हणाले. "स्वतःच्या घरात. वाटलं, आता आपल्याला कशाचाच भरवसा नाही."

झटपटने विचारलं, "तुमच्याकडे त्यातलं काही ठेवलेलं आहे का? एखादी प्रत?"

"होती ना. आवडती दोनशेएक उतरवून ठेवली होती." त्यांचा आवाज मुळीच चढला नाही. "तुम्ही म्हणालात, पूर्ण साफ करून घ्या."

आणि त्यांनी फोन ठेवला.

झटपट तसाच उठून तिकीट खिडकीवर गेला. रांग होती. आक्कांनी हातानेच 'थांब' म्हटलं. पाच माणसांचं एक कुटुंब, मग दोघी मैत्रिणी, मग एकटा म्हातारा. एकेक तिकीट फाटेपर्यंत तो बाजूला उभा राहिला. रांग संपल्यावर त्याने सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही सांगितलं.

"सगळी?" आक्कांनी विचारलं.

"सगळी."

"घोड्याचं पण?"

"कुठल्या घोड्याचं?"

आक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. "पाच वर्षं इथे काम करतोस," त्या म्हणाल्या, "आणि कुठला घोडा म्हणून विचारतोस." त्यांनी खिडकीवर 'थोड्या वेळात येते' ही पाटी लावली आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी तिकिटं शिपायाने फाडली.

संचालकबाईंनी लेखी समज दिली. मजकुराचं म्हणाल तर आक्कांनी पुन्हा लिहावा, असं त्यांनी सुचवलं. आक्कांनी साफ नाही म्हटलं. "गेलेले शब्द मला परत आणता येत नाहीत. ज्याने पुसले त्याने लिहावेत. आणि चित्रासमोर बसून लिहावेत."

तेव्हापासून रोज दुपारी तीन ते पाच या वेळात झटपट वरच्या दालनात स्टुलावर बसू लागला. पहिल्याच चित्रात दोन दिवस गेले. गुरुवारी त्याने भीत भीत ऑपरेटरकाकांना फोन लावला.

"काका, एक लिहिलंय. वाचू?"

"वाचा."

"नदीवर होड्या आहेत. किनाऱ्यावर काही माणसं उभी आहेत."

"किती माणसं?"

"पाच... सहा असतील."

"जाऊन मोजा. मी थांबतो."

झटपट फोन घेऊन जिने चढला. माणसं सात होती. सातवी एक बाई, जमावापासून लांब, चप्पल हातात घेऊन पाण्यात उभी. दोन दिवसांत ती त्याला दिसलीच नव्हती. त्याने काकांना सांगितलं.

"आक्कांनी तिच्याबद्दल लिहिलं होतं," काका म्हणाले. "शब्द आठवत नाहीत. पण ती होती." मग म्हणाले, "पुढच्या गुरुवारी करा फोन."

वर्ष सरत आलं तेव्हा साठ चित्रं झाली होती. त्यातल्या नऊंचा मजकूर आक्कांचाच होता. काकांना तोंडपाठ होता, तो झटपटने काना-मात्रा न बदलता उतरवून घेतला. माफी त्याने दोघांकडे मागितली. काका म्हणाले, "कळलं." आक्का काहीच बोलल्या नाहीत. पण एका दुपारी झटपट स्टुलावर बसलेला असताना त्या वर आल्या, चित्राकडे बघत जरा वेळ उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "हे चित्र संध्याकाळी बघ. आत्ता उजेड चुकीचा पडतो."

तो संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिला.