काय खाल्लीस गं?

दिवस मावळायला तासभर उरला, की सम्मेद रडायला लागायचा. सात आठवड्यांचं पोर, पण वेळेचं पक्कं. पाय पोटाशी ओढायचा, मुठी आवळायचा, लालबुंद व्हायचा. पोटाला हात लावावा तर टणक. त्याचा पहिला टाहो फुटला, की सासूबाईंचा प्रश्न ठरलेला, “आज काय खाल्लीस गं?”

खाणार काय, कपाळ! पहिल्या आठवड्यात प्राचीच्या ताटातून हरभऱ्याची डाळ गेली. मग वांगं, पावटा, मसूर, शेंगदाण्याची चटणी. हातकणंगल्याच्या त्या घरात बाळाच्या पोटाचा न्याय आईच्या ताटावर व्हायचा आणि निकाल रोज एकच लागायचा. शेवटी मऊ भात, तूप आणि मेथीची भाजी एवढंच उरलं. सम्मेद रडतच होता. मग संशय मेथीवर गेला.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पोराला नीट तपासलं. वजन वाढतंय, ताप नाही, हिरवी उलटी नाही, शीतून रक्त नाही. यातलं काही दिसलं तर लगेच आणा, म्हणाले. “नाहीतर हे तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. पाजल्यावर उभं धरून ढेकर काढा, पाय सायकलसारखे हलवा, हातावर पालथं घेऊन फिरवा. आणि तुम्ही पोटभर जेवा, सगळं खा.”

राजमतीबाई, तिच्या सासूबाई, रिक्षात बसल्या. मग म्हणाल्या, “त्यो काय कधी बाळंत झालाय व्हय?”

प्राचीला डॉक्टरांचं पटलं होतं, आणि तेच तिला नको होतं. चूक आपल्या खाण्याची असेल तर सुधारता येते. कुणाचीच नसेल तर करायचं काय?

म्हणून मंगळवारी तिनं उपवास धरला. त्या घराला उपवास नवा नव्हता, पण हा तिनं चोरून केला. सकाळचा भात पदराआड नेऊन म्हशीला घातला, दुपारचाही घातला. दिवसभर नुसतं पाणी. आज माझ्या पोटात काहीच नाही, आज तो रडायचा नाही, असं ती स्वतःला बजावत होती.

साडेपाचला सम्मेद पिता पिता मागे वाकला आणि त्यानं टाहो फोडला.

तिनं त्याला खांद्यावर घेतलं, ढेकर काढला, पाय हलवले, पालथा हातावर घेतला. दोन मिनिटं तो थांबला. तिनं श्वाससुद्धा बेतानं सोडला. मग पुन्हा पाय पोटाशी गेले.

प्राचीचा नवरा जिनेंद्र कारखान्यात दुपारपाळीला होता. सव्वासहाला राजमतीबाई घाईनं जेवायला बसल्या. जैन रिवाजानं दिवस मावळल्यावर त्या काही तोंडात घालत नसत. भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, “आज काय खाल्लीस गं?”

“काय न्हाय.”

“कायतरी खाल्ली असशीलच की!”

“कायबी न्हाय, आत्ती. सकाळपासनं पाण्यावर हाय.”

राजमतीबाईंचा हात ताटातच राहिला. “अंगावर पाजणारी बाई तू! अक्कल गहाण ठेवलीस व्हय?”

“मग तुमीच सांगा,” प्राचीला रडू फुटलं, “आता सोडायला काय ऱ्हायलंय?”

सासूबाई उठल्या. हात धुतला आणि पोराला हातावर पालथा घेतला, अगदी डॉक्टरांनी दाखवला होता तसाच. येरझाऱ्या घालता घालता, तिच्याकडे न बघता म्हणाल्या, “जिनू बी असाच रडायचा. माझ्या सासूनं तीन महिनं मला मऊ भातावर ठेवली. कवडीचा फरक पडला न्हाय.”

“मग मला कशापायी ठेवलासा?”

“मग काय नुसतं बघत बसायचं? कायतरी कराय नको?”

सासूबाईंनी पायानंच आपला पाट तिच्याकडे सरकवला. त्यांच्या ताटात मसुराची आमटी होती, भाकरी होती, चटणी होती. त्यांनी अजून घासही घेतला नव्हता. “बस. जेव.”

“आणि तुमी?”

“माझं ऱ्हाऊ दे. दिवस मावळला.”

प्राची जेवली. आमटी झणझणीत होती आणि भूक निर्लज्ज होती. सम्मेद सातपर्यंत रडला आणि सासूबाई उपाशीपोटी त्याला फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला तो पुन्हा रडायला लागला. प्राची त्याला खांद्यावर घेऊन सासूबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली, पण त्यांनी काहीच विचारलं नाही.