जिजीचं पान

तळोद्याच्या ऑफिसात रोहिणीचं टेबल खिडकीला लागून होतं. दाखल्यांसाठी डोंगरातून उतरलेली माणसं सकाळपासून त्या खिडकीशी रांग धरत. त्या बुधवारी रांगेच्या शेवटी एक चष्मेवाला माणूस उभा होता. त्याच्या हातात अर्ज नव्हता की कसला कागद नव्हता. पाळी आली तसा तो खिडकीत वाकला आणि आवाज खाली आणून त्यानं विचारलं की तुम्ही नंदुरबारच्या झिपरूभाऊंच्या कन्या ना, स्टेशनजवळ ज्यांचं सायबर कॅफे होतं?

रोहिणी विचार न करता हो म्हणून गेली.

"मग जिजी तुम्हीच," तो म्हणाला.

सोळा वर्षांत या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. घरात ते नाव तिच्यासमोर निघायचं, पण तिला उद्देशून नव्हे. कोण जिजी, असं तिनं विचारलं खरं, पण आपला आवाज एक पट्टी वर गेल्याचं तिचं तिलाच कळलं. त्यालाही कळलं असावं. तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाहेर व्हरांड्यात बसून राहिला.

त्याचं नाव नवनीत. शहाद्याला एका कॉलेजात ग्रंथपाल होता आणि फावल्या वेळात इंटरनेटवरच्या एका मुक्त ज्ञानकोशात लेख लिहायचा. हा कोश कुणीही वाचावा आणि कुणीही त्यात लिहावं, असा होता. मराठी इंटरनेटच्या सुरुवातीच्या दिवसांत ज्यांना लोकांनी डोक्यावर घेतलं, अशा लोकांची चरित्रं त्यानं लिहायला घेतली होती. त्यात जिजीचं पान केलं होतं. आता त्या पानावर वाद पेटला होता. असल्या लोकांना ज्ञानकोशात जागा द्यायची का, असं काहींचं म्हणणं होतं. रविवारपर्यंत चर्चा चालणार आणि मग पुण्याच्या दामिनी म्हणून कुणी प्रचालक, म्हणजे कोशाची व्यवस्था पाहणाऱ्या, होत्या, त्या निकाल देणार. सगळ्यात मोठा आक्षेप असा होता, की जिजी कोण हेच माहीत नसेल तर चरित्र कुणाचं?

"क्लिपांमध्ये मागे शिंका ऐकू येतात," नवनीत म्हणाला, "आणि भुसावळ पॅसेंजरची घोषणा. मिरच्यांच्या दिवसांत स्टेशनाजवळ शिंका कुठं येणार, नंदुरबारशिवाय? मग स्टेशनजवळ तेव्हा कॉम्प्युटर कुणाकडं होते, असं मी जुन्या दुकानदारांना विचारत गेलो."

रोहिणी त्याला म्हणाली की तुमची काहीतरी चूक होतेय. एका चिठ्ठीवर त्या चर्चेचा इंटरनेटवरचा पत्ता लिहून त्यानं ती बाकावर ठेवली आणि गेला.

चूक काहीच नव्हती. एकोणीस वर्षांची असताना दुपारी गिऱ्हाईक नसलं की रोहिणी वडिलांच्या कॅफेत कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसायची, आजीचं जुनं लुगडं डोक्यावरून तोंडापर्यंत ओढून घ्यायची आणि अहिराणीत बोलायला लागायची. जिजी ही सगळ्या जगाला धारेवर धरणारी म्हातारी. मोबाइल कंपनीच्या मुलीशी भांडणारी, बॅंकेतल्या साहेबाला जावई समजून वागवणारी. रोहिणीनं आधी दोन-तीन आणि मग एकामागून एक क्लिपा एका साइटवर टाकल्या, त्या कुणीतरी उतरवून घेतल्या, आणि मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून देणाऱ्यांनी त्या धुळ्यापासून सुरतेपर्यंत पोचवल्या. लग्नाच्या गाड्यांत जिजी, पानटपरीवर जिजी. तिच्या मैत्रिणी तिच्यासमोरच जिजीच्या नकला करायच्या. हे सुख तिनं कुणाला सांगितलं नाही. फक्त वडिलांना ठाऊक होतं.

मग 'पंगत' नावाची क्लिप आली. नंदुरबारातल्या एका लग्नात रोहिणीनं एक मोठा मिशीवाला माणूस भर पंगतीत उभा राहून ओरडताना पाहिला होता. जिजीनं त्याची नक्कल केली. ताट समोर असून, पोटभर खाऊन, पुन्हा आपल्याला आग्रह झाला नाही म्हणून मांडव डोक्यावर घेणारा मामा. "माले कोणी इचारं नही!" हे वाक्य तर असं पसरलं की शाळेतली पोरंसुद्धा वर्गात म्हणायची. लोकांनी तो माणूस ओळखला. चुनीलाल त्याचं नाव. तो जिथं जाईल तिथं मागून कुणीतरी ते वाक्य म्हणायचं. वर्षभरात त्यानं लग्नांना जाणं सोडलं. त्याच्या भाऊबंदांत ती पोर कोण याची चौकशी सुरू झाली तेव्हा वडिलांनी कॉम्प्युटरवरचं सगळं पुसलं, पुढं दुकान विकलं आणि ब्राह्मणपुरीचं स्थळ आलं तसं दीड महिन्यात लग्न उरकलं.

हळदीच्या दिवशी नवऱ्याच्या मामाला पाहून रोहिणीनं ती मिशी ओळखली. मामा चुनीलाल होता. तो पाया पडून घेऊन, आशीर्वाद देऊन, न जेवता निघून गेला.

चौदा वर्षं ती त्या घरात होती. नवरा हेमकांत केळी-पपईत रमलेला, सरळ माणूस. सासू सिंधुबाई जिभेची तिखट, पण मनानं वाईट नव्हे. फक्त लग्नाचं आमंत्रण आलं की त्यांना भावाची आठवण व्हायची आणि मग त्या पत्रिका हातात धरून, ज्या पोरीनं माझ्या भावाचं अन्न तोडलं तिचं तळपट होवो, असं म्हणायच्या. रोहिणी समोर बसून भाजी निवडत असायची.

आणि आताही मामा घरातच होते. सोमवारी नंदुरबारला त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. बहिणीकडं आठवडाभर विश्रांतीला आले होते. सकाळ-संध्याकाळ डोळ्यात थेंब टाकायचं काम रोहिणीकडं होतं.

बुधवारी परतीच्या बसमध्ये तिनं ती चर्चा उघडली. कुणी 'ग्रंथप्रेमी' नावानं लिहिलं होतं, की लुगडं पांघरून ग्राम्य टवाळी करणाऱ्या एका पोरीला संतांच्या आणि शास्त्रज्ञांच्या रांगेत बसवायचं का. दुसऱ्यानं उत्तर दिलं होतं, की इंटरनेटवर अहिराणी पहिल्यांदा ऐकू आली ती हिच्या तोंडून. ते पुसलं तर बोलीच्या इतिहासातलं एक पान जाईल. रोहिणीनं ते वाक्य तीनदा वाचलं. शहादा कधी आलं ते कळलं नाही. पण उतरताना तिला दुसरंच सुचलं. आज नवनीतला माहीत झालं, उद्या आणखी कुणाला होईल. पान राहिलं की लोक शोधत राहणार. पान गेलं पाहिजे.

गुरुवारी डबा खाताना तिनं 'वाचक८९' या नावानं खातं उघडलं. वगळावे, असं लिहिलं. खाली कारण द्यायचं होतं. स्वतःला क्षुल्लक ठरवायला इतका वेळ लागेल असं तिला वाटलं नव्हतं. खोडत खोडत शेवटी तिनं लिहिलं, की या बाईनं अवघ्या एक्केचाळीस क्लिपा केल्या, त्यात करमणुकीपलीकडं काही नव्हतं, आणि लोक तिला विसरले आहेत.

शुक्रवारी सकाळी ग्रंथप्रेमीनं तिला पाठिंबा दिला होता. त्याच्याखाली दुसऱ्या कुणीतरी विचारलं होतं: लेखात सुमारे पंचवीस म्हटलंय, नेटवर बावीसच सापडतात. हा एक्केचाळीस आकडा तुम्हाला कुठून मिळाला?

तिनं ओळ खोडायचा प्रयत्न केला. खोडली, तर 'इतिहास' नावाच्या कप्प्यात जुनी ओळही दिसू लागली आणि ती कुणी किती वाजता खोडली हेही. जेवढं झाकावं तेवढं उघडं पडत होतं.

दुपारी ऑफिसच्या फोनवर नवनीतचा फोन आला. तो एवढंच म्हणाला की ताई, आकडा मी पाहिला, मी कुणाला काही सांगणार नाही. आणि सांगून उपयोगही नाही, कारण कोशाला छापील पुरावा लागतो. तुम्ही एखाद्या वर्तमानपत्राला दोन शब्द सांगितलेत तर पान वाचेल. मग त्यानं सांगितलं की त्याची आई सुरतेला दवाखान्यात शेवटचे दोन महिने पडून होती, तेव्हा आजूबाजूला कुणी तिच्या बोलीत बोलणारं नव्हतं, आणि ती रोज जिजी ऐकायची.

रोहिणीला रडू आलं, पण ऑफिसात रडता येत नव्हतं. तिनं त्याला मामांबद्दल सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं, तेही एका परक्याला.  नवनीत म्हणाला, ताई, मी यातून वाट काढू शकत नाही. लेख मी मागे घेतला तरी चर्चा सुरू झालीय, ती आता माझी नाही.

घरी आली तर ओट्यावर शेजारचा सुकलाल बसलेला. कुठल्याशा ग्रुपवर त्याला ही बातमी मिळाली होती. "मामा, तुमनं नाव आते पुस्तकमा जाई ऱ्हायनं," असं तो मोठ्यानं सांगत होता. सिंधुबाईंनी त्याला हाकलला, तोवर व्हायचं ते झालं होतं. मामा काळा चष्मा सारखा करत बसले होते.

शनिवारी रोहिणीला सुट्टी होती. सिंधुबाई शेताकडं गेल्या होत्या. तिनं मामांना खाटेवर आडवं केलं, थेंब टाकले आणि आता पाच मिनिटं डोळे उघडू नका म्हणाली. मामांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "ते काय लिखेल शे, ते माले वाची दाखाड."

नाही म्हणायला तिच्याकडं काही कारण नव्हतं. तिनं मोबाइल काढला आणि वाचू लागली. जन्म अज्ञात. खरं नाव अज्ञात. क्लिपांची नावं. मग 'पंगत'चा परिच्छेद आला आणि त्यात ते वाक्य. ते गाळून पुढं जावं असं तिच्या मनात आलं, पण मामा लक्ष देऊन ऐकत होते. तिनं ते सपाट, शाळेतल्या धड्यासारखं वाचलं. तरी ते जिभेवरून तसंच उतरलं, जसं सोळा वर्षांपूर्वी उतरलं होतं. शेवटच्या शब्दाला तोच हेल.

मामांची पापणी हलली. डोळे मात्र त्यांनी उघडले नाहीत.

"फुडे वाच," ते म्हणाले.

ती वाचत गेली. संपल्यावर मामांनी विचारलं की यात कुणालाही लिहिता येतं का. येतं म्हणाली. मग माझं लिही, असं म्हणून ते सांगू लागले. ते अहिराणीत सांगत होते आणि ती मराठीत लिहीत होती.

त्यांनी सांगितलं, की तो पंगतीतला माणूस मी. माझा थोरला भाऊ दगा त्या लग्नाला आला होता. अंगावरून वारं गेल्यापासून त्याला बोलता येत नव्हतं. त्याला मांडवाबाहेर उन्हात खुर्चीवर बसवून ठेवलं आणि तीन पंगती उठल्या तरी कुणी विचारलं नाही. मी ओरडलो ते त्याच्यासाठी. मी म्हणालो होतो, मन्हा भाऊले कोणी इचारं नही. त्या पोरीनं भाऊ काढून टाकला. भाऊ चार महिन्यांनी वारला.

रोहिणीचा अंगठा थांबला. तिला ते आठवत होतं. मिशीवाला माणूस 'मन्हा भाऊले' म्हणाला होता, तिनं नीट ऐकलं होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी तिनं एकदा तसंच म्हणून पाहिलं होतं. त्यात हसू येत नव्हतं, म्हणून 'माले' केलं.

"ती पोर तठेच कोठे तरी व्हती," मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "लिखं का?"

लिहिलं म्हणाली. ते कुठल्या खात्यातून टाकायचं हा प्रश्न होता. एक्केचाळीस लिहिणाऱ्या खात्यातूनच मामांच्या घरची गोष्ट आली, तर कुणीही दोन ओळी जोडू शकत होतं. नवं खातं काढायला पाच मिनिटं लागली असती. तिनं काढलं नाही. 'वाचक८९' म्हणूनच तिनं ते चर्चेत जसंच्या तसं टाकलं, खाली मामांचं नाव घातलं आणि त्यांना पुन्हा एकदा वाचून दाखवलं. मामांनी मान हलवली आणि डोळे पुसायला फडकं मागितलं. थेंबाचं पाणी होतं की काय, ते तिला कळलं नाही.

रविवारी संध्याकाळी निकाल लागला. दामिनीबाईंनी सविस्तर लिहिलं होतं. सुरुवातीच्या काळातल्या माणसांना कोशात जागा असू नये असं नाही, पण चरित्राला ओळख लागते आणि ओळखीला पुरावा. चुनीलाल यांचं निवेदन मन हेलावणारं आहे, तरी त्याची खातरजमा करता येत नाही. पान वगळलं. चर्चा मात्र नियमाप्रमाणे कायम जपली जाईल.

पान गेलं होतं आणि तिच्या दोन्ही नोंदी, एक्केचाळीसची आणि मामांची, राहिल्या होत्या.

सोमवारी मामा निघाले. हेमकांत गाडी काढायला खळ्याकडं गेला. मामा ओट्यावर चष्मा लावून उभे होते, रोहिणी त्यांची पिशवी घेऊन शेजारी उभी होती. रात्रभर तिनं मनात वाक्य जुळवलं होतं. ती खाली वाकली, त्यांच्या पायांना हात लावला आणि तशीच म्हणाली, "मामाजी, ती जिजी..."

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दाबून ठेवला, जणू उठूच देणार नव्हते.

"सिंधू घरमा शे," ते हळू म्हणाले. "नको बोलू. तुले आठेच ऱ्हावानं शे."

गाडी आली. ते बसले, काच वर झाली. त्यांनी माफ केलं होतं की नुसतं झाकलं होतं, हे विचारायला आता जागा नव्हती. तिला याच घरात राहायचं होतं, आणि यापुढं दर दिवाळीला ते येणार, ती वाढणार, आणि दोघांनाही ठाऊक असणार.

घरात सिंधुबाईंनी विचारलं की एवढा वेळ भाऊ काय सांगत होता.  दगामामांबद्दल सांगत होते, रोहिणी म्हणाली.

सिंधुबाई हातातलं सूप घेऊन खाली बसल्या. दगाभाऊचं नाव या घरात किती वर्षांत कुणी काढलं नव्हतं. त्या सांगू लागल्या, की तापीला पूर आला होता तेव्हा त्यानं मला खांद्यावर बसवून आणलं होतं, मला आंबट बोरं आवडायची म्हणून तो काट्यातून बोरं काढायचा. बोलता बोलता त्यांनी रोहिणीचा हात धरला आणि तिला शेजारी बसवून घेतलं. तळोद्याची बस धरायची वेळ होऊन गेली. रोहिणी बसून राहिली, आणि सिंधुबाई सांगत होत्या.