कोरी डबी

उन्नतीच्या तिसऱ्या महिन्यातल्या चोरओटीला अंबरनाथ पूर्वेच्या त्या फ्लॅटमध्ये आठ बायका जमल्या होत्या आणि आठही जणी एकच बोलत होत्या, काय तेज आलंय पोरीच्या चेहऱ्यावर. सासूबाई, म्हणजे कौसाबाई, धाकट्या सुनेच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडत होत्या.

थोरली सून माधवी आत ताटात करंज्या लावत होती. तिच्या दोन्ही गालांवर वांग होते. मुलाच्या, सनीच्या वेळी तिसऱ्याच महिन्यात उमटले ते, सनी आठवीत गेला तरी हलले नाहीत. तेव्हा याच कौसाबाई म्हणाल्या होत्या, चेहरा करपल्यासारखा दिसतोय, फोटो नंतर काढू. ते नंतर काही आलं नाही. माधवीच्या चोरओटीचा फोटोच नाही.

आणि गंमत अशी की हे तेज माधवीनेच घरात आणलं होतं.

एमआयडीसीतल्या एका क्रीमच्या कंपनीत ती लेबलच्या टेबलावर कामाला होती. लेबल वाकडं बसलं की सोलायचं आणि डबी बाजूला ठेवायची. सोललेल्या कोऱ्या डब्या दिवाळीला कामगारांना वाटून टाकत. माधवीला ते क्रीम झोंबायचं, म्हणून नव्या जावेला तिने कौतुकाने तीन डब्या दिल्या होत्या. डाग जातात, झोपताना लाव, असं सांगून. आता तिसरी डबी चालू होती, आणि नाव मात्र पोटातल्या बाळाचं होत होतं. माधवीने करंजी इतकी दाबून ठेवली की तिचं टोक मोडलं.

सोमवारी टेबलावर नव्या लेबलांचा रोल आला. त्यावर लाल अक्षरांत ओळ होती, ‘गरोदर व स्तनदा स्त्रियांनी वापरू नये.’ माधवीने सुपरवायझर हरिचंद्रला विचारलं, माल बदलला का? तो म्हणाला, माल तोच, यात डाग घालवणारं रेटिनॉल पहिल्यापासून आहे. ओळही होतीच, बारीक अक्षरात. आता मोठी केली.

सात वर्षं माधवी दिवसाला हजारांनी लेबलं बघत होती. सरळ बसलंय की वाकडं, एवढंच बघत होती. वाचलं एकही नव्हतं.

रिक्षात बसल्यावर तिच्या मनात आधी काय आलं असेल? आता ते तेज उतरणार, हे. पोटात गोड गोड वाटलं, आणि त्या गोडीचीच तिला भीती वाटली. सांगितलं तर म्हणतील, जळते. आणि ते काही खोटं नव्हतं. या विचारात सोमवार गेला, मंगळवारही गेला. दोन्ही दिवस उन्नतीने आरशासमोर बसून डबी उघडली आणि माधवीने मान फिरवली.

बुधवारी मात्र तिने घरात पाऊल टाकल्या टाकल्या सांगून टाकलं. उन्नती गोंधळून हसली. कौसाबाईंनी निवडायचा तांदूळ बाजूला सारला.

“तुझ्या वेळी नव्हतं ना तेज. म्हणून हिचं डोळ्यात खुपतंय तुझ्या.”

“खुपतंय, आई,” माधवी म्हणाली. “चोरओटीपासून खुपतंय. पण डबीचं मी सांगते ते खरं आहे.”

पर्समधून तिने एक वाकडं निघालेलं लेबल काढलं आणि त्या कोऱ्या डबीवर चिकटवलं. सवयीने अगदी सरळ. उन्नतीने ते दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाली, “ताई, डबी तुम्हीच दिली होतीत ना?”

“हो. मीच.”

“मग डॉक्टरकडे तुम्हीच चला.”

डॉक्टरबाईंनी किती लावायची, कधीपासून, सगळं विचारलं. कातडीतून आत फार थोडं जातं, सोनोग्राफी नीट आहे, जिवाला घोर लावून घेऊ नका, म्हणाल्या. पण आजपासून बंद. अंगावर पाजत असाल तोवरही विचारल्याशिवाय काही लावायचं नाही. बाळ आईच्या गालाला गाल घासतं, तिथे लावाल ते त्याच्या कातडीला आणि तोंडाला लागणार. आणि लेबल नसलेली वस्तू तर घरातच ठेवायची नाही. माधवी खाली मान घालून ऐकत होती. त्या दिवशी ती डबी आणि स्वतःकडे उरलेल्या कोऱ्या डब्या तिने स्वतः कचऱ्यात टाकल्या.

सातव्या महिन्यात उन्नतीच्या गालांवर वांग आले. माधवीने ते सगळ्यांच्या आधी पाहिले. दोन दिवस तिला फार बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी लाज वाटली.

ओटीभरणाला तेजाबद्दल कुणी काही बोललं नाही. उन्नतीच्या नवऱ्याने, अमितने, तिचा फोटो काढायला मोबाइल धरला, तशा कौसाबाई पुटपुटल्या, “फोटो नंतर काढू.”

“नको, आताच,” उन्नती म्हणाली आणि तिने माधवीला दंडाला धरून शेजारी बसवलं. “ताईंचा राहिलाय एक.”

फोटो निघाला. सारखेच वांग, सारखेच गजरे. उन्नती त्यातही छान दिसत होती, आणि माधवीला पुन्हा बारीकसं खुपलं. तरी तिने अमितकडून तो फोटो मागून घेतला.