खाटेमागचा खडखडाट

मी बोलतोय. अहो, वर पडद्याकडे बघू नका, तो केव्हाच गेला. खाली बघा. लॅपटॉपचा कीबोर्ड आहे ना, तो मी. माणसं बोटं माझ्यावर ठेवतात आणि डोळे मात्र त्या पडद्यावर. आयुष्यभर हेच चाललं, त्यामुळे आज कुणी माझ्याकडे निवांत बघितलं तरी मला अवघडल्यासारखं होतं.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला सांगता येणार नाही. मला आठवतं ते थेट कोल्हापूरच्या शाहूपुरीतलं कॉम्प्युटरचं दुकान. समोर एक उंच, जरा वाकलेले गृहस्थ उभे होते, गळ्यातली मोजपट्टी काढायची विसरून तसेच आलेले. हे शमशुद्दीन टेलर. शेजारी त्यांची मुलगी मुबशिरा. ती टायपिंगची परीक्षा पास झाली म्हणून ही खरेदी. दुकानदार काय काय सांगत होता, पण शमशुद्दीन यांचं तिकडे लक्षच नव्हतं. कापडाचा पोत बघावा तसा त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. माझ्या दोन बटणांवर बारीक उंचवटे आहेत, तिथं त्यांचं बोट अडलं.

"हे गाठीगत काय हाय गं?"

"खुणा हायत अब्बा. न बघता बोटं ठेवायला."

"म्हणजे आमच्या खडूच्या रेघा की!" ते एकदम खूश झाले. दुकानदाराला म्हणाले, "बांधा पावणं, ह्योच द्या."

तेव्हापासून मीही त्यांना अब्बाच म्हणतो. मनातल्या मनात.

घर म्हणजे टेलरच्या दुकानामागची एक खोली आणि स्वयंपाकघर. मुबशिराचं काम मोठं मजेशीर होतं. कुणाची भाषणं, कुणाच्या मुलाखती, कुठल्या साखर कारखान्याची वार्षिक सभा, असं रेकॉर्ड केलेलं काहीबाही तिच्याकडे यायचं. ती कानात इयरफोन घालायची, ऐकायची आणि माझ्यावर टाइप करायची. कारखान्याची सभा आली की माझी हाडं खिळखिळी व्हायची. तिकडे अर्धे 'मंजूर, मंजूर' ओरडणार, अर्धे 'नामंजूर' म्हणून व्यासपीठावर चढणार, आणि इकडे ही पोरगी हसत हसत माझ्यावर तुटून पडणार. शिव्या आल्या की थांबून विचार करायची आणि कंसात 'गोंधळ' लिहायची. सोबत भडंगाचा वाडगा असायचाच. माझ्या बटणांखाली अजून त्यातले शेंगदाण्याचे तुकडे आहेत.

पुढं दुकानात अब्बांची मशीन, मागं माझा खडखडाट. मुबशिराची आई नजीरा दोघांच्या मध्ये चहाचे कप घेऊन फिरायची आणि म्हणायची, "बाप तसली लेक. घर हाय का गिरणी?" मग हमखास जुनी गोष्ट निघायची. मुबशिरा पाळण्यात असताना मशीनच्या आवाजावर झोपायची. मशीन थांबली की भोकाड पसरायची. "मग हे काय करायचे ठाव हाय? सुईत दोरा न्हाय, खाली कापड न्हाय, नुसतीच मशीन हाकत बसायचे. गिऱ्हाइकं म्हणायची, टेलरला खूळ लागलं."

मुबशिरा हसायची आणि पुन्हा इयरफोन घालायची. शंभरदा ऐकलेल्या गोष्टीकडे कोण लक्ष देतं! मी दिलं होतं.

मग अब्बांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मानसुद्धा वळेना. डावा हात तेवढा थोडाफार हलायचा. दुकान बंद झालं, मशीन कागलच्या एका टेलरनं नेली. अब्बांची कात्री मात्र नजीरानं दिली नाही. खोलीत लोखंडी खाट आली. खोली केवढीशी, आणि विजेचा बोर्ड नेमका खाटेच्या उशाकडच्या भिंतीला. त्यामुळे मुबशिरा मला घेऊन खाटेच्या मागं बसायची. ती अब्बांच्या डोक्यापासून दीड हातावर असायची, पण त्यांना दिसायची नाही. खाऊ घालायला, कूस बदलायला समोर आली की दिसायची. मागं गेली की गेलीच.

आणि इथून माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस सुरू झाले, असं म्हणायला मला लाज वाटते. पण ते खरं आहे.

झालं असं. एका सकाळी मुबशिरानं काम सुरू केलं आणि थोड्या वेळानं मला पुढून आवाज आला. टक, टक. अब्बांचं डावं बोट खाटेच्या दांडीवर वाजत होतं. आधी मला वाटलं, सहज असेल. पण मी वाजलो की ते हळूच वाजायचं. मुबशिरा विचार करायला थांबली की ते जोरात वाजायचं, दोनदा. मी पुन्हा सुरू झालो की निवांत. अब्बा विचारत होते, आहेस का? आणि मी सांगत होतो, आहे, आहे. जन्मभर माझ्याकडून नुसतं लिहून घेतलं गेलं, पण मला उत्तर देणारा हा पहिलाच माणूस होता.

मुबशिराला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या कानात कारखान्याची सभा चालू असायची.

ईदला पुण्याहून फरहान आला. मुबशिराचा धाकटा भाऊ, तिकडे कंपनीत कामाला. मला बघून हसला. "दीदी, ह्यो ट्रॅक्टर अजून किती दिवस हाकणार?"

स्वयंपाकघराच्या दारातून नजीरा म्हणाली, "आवाज लई हाय रे त्याचा. हिनं काम काढलं की हे दांडी वाजवायला लागत्यात. दुकानात पोरांनी गलका केला की कात्री आपटायचे न्हाय का टेबलावर, गप बसा म्हणून? तसंच. ह्यांना सोसत न्हाय आता आवाज."

मुबशिराचा चेहरा खर्रकन उतरला. "इतके दिवस? मला सांगायचं न्हाय व्हय अम्मी?"

"तुझं काम असतंय. कसं सांगू?"

ती उठून समोर गेली, अब्बांच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "चुकलं अब्बा. आता न्हाय वाजणार." अब्बांनी तिच्याकडे बघितलं. डावा हात उचलायचा प्रयत्न केला. तिला वाटलं, ते बरं म्हणतायत.

अहो, मी काय करणार होतो? मला दाबल्याशिवाय तोंड नाही.

फरहाननं महिन्याच्या आत नवा लॅपटॉप पाठवला. वर काच, खाली काच. खालच्या काचेवर माझं नुसतं चित्र. बोट टेकलं की अक्षर उमटतं, आवाज शून्य. मी भिंतीतल्या फडताळात गेलो, तिथून सगळं ऐकू यायचं. खरं सांगतो, पहिले काही दिवस मी मनातून खूश होतो. पोरीची बोटं काचेवर भरकटायची. खूण सापडायची नाही, भलतंच अक्षर यायचं, ती चिडायची. मला वाटायचं, येईल परत. पण ती शिकली. अब्बांना झोप लागावी म्हणून शिकली. कीबोर्डाची जागा काच घेऊ शकते का, असं मला कुणी विचारलं तर लिहिण्यापुरती तरी घेते, असंच मी म्हणेन. तिथं मी हरलो.

पण खाटेवर?

पहिल्याच दिवशी अब्बांनी दांडी वाजवली. हळू. मग जोरात, दोनदा. मग थांबून पुन्हा. बंद दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसासारखे ते वाजवत राहिले. आणि त्यांची लेक दीड हातावर बसलेली होती, श्वाससुद्धा जपून घेत, अब्बांची झोप मोडू नये म्हणून.

"आवाज बंद केला तरी हे ऐकंनात," नजीरा म्हणायची. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात अशी तगमग होते. झोपेची गोळी वाढवली. अब्बा जेवणाला तोंड उघडेनासे झाले. वाजवून वाजवून ते बोट सुजलं, काळंनिळं झालं. मग मुबशिरानं त्याला कापूस लावून पट्टी बांधली. किती मायेनं बांधली असेल! त्यानंतर टकटकसुद्धा येईना. नुसतं धप, धप. मग तेही कमी होत गेलं.

त्या पावसाळ्यात फडताळाला ओल आली. मी बिनकामाचा पडून होतो, दमटपणानं लॅपटॉप कायमचा बंद पडला. दुरुस्तीवाला मुबशिराला म्हणाला, बाकी काही उरलेलं नाही, पण कीबोर्ड चांगला आहे, तेवढा काढून घेतो. म्हणून उघडीप पडल्यावर एका दुपारी तिनं मला बाहेर काढलं. देण्याआधी पुसावं म्हणून जुना टूथब्रश घेऊन खाटेमागं तिच्या नेहमीच्या जागी बसली. इयरफोन घातले नव्हते, त्या दिवशी काम नव्हतं. ब्रश बटणांवर घासायला लागली आणि मी वाजलो. तोच माझा जुना खडखडाट.

धप.

तिचा हात थांबला. धप, धप. जोरात.

तिनं ब्रश ठेवला आणि माझ्यावर बोटं टेकली. चारदोन बटणं दाबली. पुढून हळूच उत्तर आलं. ती थांबली. पुढून दोन जोराचे ठोके. पुन्हा तिनं टाइप केलं. पुन्हा ते निवांत.

ती उठली ती धडपडतच समोर गेली. "अब्बा! गप बस म्हणत न्हवता व्हय तुम्ही? मी हाय का न्हाय बघत होता?"

अब्बांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजव्यातून येत नव्हतं. मुबशिरानं ती पट्टी सोडली. स्वयंपाकघरातून नजीरा पळत आली, तिला सगळं कळलं. "माझं चुकलं गं. मीच म्हणालो कात्री आपटत्यात म्हणून." कोल्हापुरात बायकाही स्वतःला आलो, गेलो, म्हणालो असंच म्हणतात. मला ते नेहमी आवडायचं. त्या दिवशी मात्र तो शब्द ऐकवला नाही.

फरहान फोनवर रडला. मग म्हणाला, "दीदी, काचेच्या सेटिंगमध्ये बटणाचा आवाज हाय बघ, चालू कर." तिनं केला. टिक, टिक, टिक. कुठलंही अक्षर दाबा, कितीही जोरात दाबा, तेवढाच आणि तसाच. अब्बांनी उत्तर दिलं नाही. चाळीस वर्षं मशीनवर बसलेला माणूस तो, आवाजामागं माणूस आहे की नाही ते त्यांना कळायचं. फरहान म्हणाला, मग जुन्यातच आतले भाग नवे घालून घेऊ, आठ दिवस लागतील. मुबशिरा म्हणाली, "आठ दिवस ह्यो घराबाहेर जाणार न्हाय." तिनं कामाला सुट्टी कळवली आणि मला मांडीवर घेऊन खाटेमागं बसली.

बंद पडलेला लॅपटॉप, काळा पडदा, आणि ती टाइप करत होती. काही उमटत नव्हतं. बघणाऱ्याला वाटलं असतं, पोरीला खूळ लागलं.

अब्बा पेजेचे दोन घोट घ्यायला लागले, एवढंच. अंगात काही उरलं नव्हतं. पण बोट हलायचं. दिवसभर आमच्या तिघांच्या गप्पा चालायच्या.

मग एका दुपारी ऊन खाटेच्या पायाशी आलं होतं. मुबशिरा टाइप करत होती. पुढून उत्तर आलं, मग जरा उशिरानं आलं, मग आलं नाही. तिला वाटलं, झोपले. ती टाइप करत राहिली. नजीरा पाणी घेऊन समोर आली, थबकली, तिनं भांडं खाली ठेवलं. अब्बांच्या छातीवर हात ठेवला.

"मुबू, थांब आता."

मुबशिरा थांबली नाही.

"थांब गं. गेले ते."

"न्हाय अम्मी," ती म्हणाली. बोटं चालूच होती. "मी थांबलो की त्यांना वाटतंय, मी गेलो."

शेजारपाजारचे येऊन दारात उभे राहिले तरी ती वाजवतच होती. शेवटी नजीरानं मागं येऊन तिचे हात माझ्यावरून एकेक करून उचलले. तेव्हा खोली शांत झाली. इतकी शांत खोली मी कधी ऐकली नव्हती.

तिनं काय टाइप केलं, ते जगात कुणालाच ठाऊक नाही, कारण पडदा मेलेला होता. फक्त मला ठाऊक आहे. एकच ओळ होती, पुन्हा पुन्हा. 'अब्बा, मी मागंच बसलोय.'

आता मी फडताळात आहे, अब्बांच्या कात्रीशेजारी. खाट गेली. मुबशिरा पुन्हा कामाला लागली आहे, काचेवर. फरहान म्हणतो, हा डबा देऊन टाक. ती म्हणते, ऱ्हाऊ दे की. पण मी किती दिवस राहणार? कधीतरी जाणारच, आणि माझी काही तक्रार नाही. खुशाल काच येऊ द्या. तुमच्या घरात कुणी असं पडून असेल, तर एवढंच करा. त्याच्यासाठी फार शांतता करू नका. भांडं आपटा, चप्पल फरफटवत चाला, उगाच खोका. तुम्ही आहात हे त्याच्या कानाला कळू द्या.

एखाद्या दुपारी मुबशिरा मला अजून बाहेर काढते. त्याच जागी भिंतीला टेकून बसते. चारदोन बटणं दाबते आणि थांबते. कान देऊन ऐकत राहते. मग मला मिटून परत जागेवर ठेवते.