कार्डाबाहेरचं जेवण

शेंगेतून दोरा ओढला की तो आधी अडकतो – सुईनं पाडलेलं भोक वाळताना आवळून बसलेलं असतं – आणि मग एकदम सुटतो. व्हर्लीन एकेक शेंग उतरवून पातेल्यात टाकत होती. दोऱ्यात ओवून वाळवलेल्या घेवड्याच्या तपकिरी, चामड्यासारख्या, सुरकुतलेल्या शेंगा. खरं तर रात्रीच भिजत घालायच्या. आता उकळतं पाणी ओतूनच भागवायचं. पाण्यावरही त्या तरंगतच राहिल्या, ओलं व्हायला राजी नसल्यासारख्या...

संध्याकाळी चर्चमध्ये बुधवारचं जेवण. प्रत्येकानं घरून एक भांडं झाकून न्यायचं. जेवणानंतर व्हर्लीननं उभं राहून बोलायचं, असं ठरलं होतं. पाद्र्याची बायको, जिला सगळे आदरानं मिस विनोना म्हणत, हा आठवडा फूड स्टॅम्पच्या, म्हणजे गरिबांना किराण्यासाठी सरकारी कार्डावर मिळणाऱ्या, रकमेत सकस जेवून दाखवत होती – हौसेनं, उपास करावा तसं. आणि त्यावर शिक्का मारायला तिला व्हर्लीन हवी होती.

"तू फक्त कसं भागवतेस ते सांग गं," रविवारी ती म्हणाली होती. "लोक उगाच रडतात. मसूर, कोबी, ओट्स, सगळं बसतं त्यात. तुझी पोरं बघ कशी तुकतुकीत! डोकं वापरावं लागतं, बस." आणि बोलता बोलता तिची नजर मागच्या बाकाकडे गेली होती, जिथं व्हर्लीनची धाकटी बहीण ओमा बसली होती आणि ओमाची मुलगी चिप्सच्या पुड्यात हात घालत होती.

व्हर्लीननं ती नजर पाहिली होती. तरीही तिला बरं वाटलं होतं. शहाणी, नेटकी, डोकं वापरणारी – इतकी वर्षं कुणी म्हटलं नव्हतं असं. मला आवडलं ते... हेच आता खुपत होतं, शेंगेच्या शिरेसारखं, दातात अडकलेलं.

दार ढकलून ओमा आत आली. वृद्धाश्रमातली रात्रपाळी डोळ्यांत तशीच होती.

"अजून दोरेच काढतेयस? ऑगस्टात माझ्या ओट्यावर बसून ओवल्यात मी त्या. बोटांची चाळण झाली होती."

"मग तूच ने चर्चमध्ये."

"मी? माझ्या हातात शेंगा बघून मिस विनोनाला भोवळ यायची!" ओमा हसली. मग पातेल्यात बघत म्हणाली, "आज भाषण म्हणे तुझं. माझं नाव घेऊ नकोस म्हणजे झालं."

टोमणा असता तर परवडला असता. पण आवाजात टोमणा नव्हता.

ती गेल्यावर व्हर्लीन आठवत राहिली – या आठवड्यात आपण खाल्लं काय? मक्याचं पीठ, दूध, सुका राजमा कार्डावरचा, खरा. पण अंडी शेजारणीची. हरणाचं मांस शिकारीला जाणाऱ्या ड्यूईनं दिलेलं, त्याच्या बायकोच्या आजारपणात आपण धुणं धुतलं म्हणून. शेंगा ओमाच्या. आणि मिस विनोनाच्या प्रयोगाचा नियम काय, तर दुसऱ्याचं काही खायचं नाही! झाड उपटून टेबलावर ठेवायचं आणि मग मोजायचं, त्याला पाणी किती लागतं... ओमा रात्रभर म्हाताऱ्यांची अंगं पुसते, तिच्या शेगडीचा एकच बर्नर पेटतो, आणि तिच्याच शेंगांवर मी शहाणी ठरते.

चर्चच्या तळघरात लांब टेबलं भांड्यांनी भरली होती. मिस विनोना मात्र आपला डबा उघडून बसली होती; तळाशी उकडलेले मसूर, गार. चेहरा उतरलेला, चमचा हातात. व्हर्लीनला राग यायला हवा होता, आणि तो होताच. पण तिनं शेंगांचा एक डाव उचलून बाईच्या पुढ्यात वाढला.

"खा, मिस विनोना."

"अगं, नियम आहे! आता थोडंच राहिलंय, मोडलं तर—"

"मोडू दे. असं एकट्यानं इथं कुणीच जगत नाही. मीसुद्धा नाही."

शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या. मिस विनोना वाफेकडे बघत राहिली. चमचा ना पुढे गेला, ना मागे. तेवढ्यात पाद्र्यानं नाव पुकारलं, "आपली व्हर्लीन आता सांगेल, कसं जमवायचं ते."

ती उठली. मागे ओमानं मान खाली घातली होती. सगळे चेहरे आधीच कौतुकानं तयार – ते कौतुक अजून हवंहवंसं होतं, हे तिला स्पष्ट कळत होतं, आणि ते आता पाच-दहा शब्दांत संपणार होतं. मग पाद्र्याच्या बायकोला खोटं पाडलं म्हणून उद्या अंडी कोण देईल, कोण तोंड फिरवेल, कोण जाणे. ओमाही रागावेल कदाचित. पण शेंगा तिच्या, तेव्हा तिचं नाव तर घ्यावंच लागणार. दुपारपासून आपण काहीच खाल्लेलं नाही, हे तिला आत्ता जाणवलं. कडकडून भूक लागली होती, एवढ्या लोकांसमोर उभं असताना – आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला त्या भुकेची लाज वाटत नव्हती.